दुसरबीडहून परत आलेलं इंजिन

इंजिन पुन्हा बंद पडलं. आधी कण्हलं, मग दोन उचक्या दिल्या आणि गप्प झालं. सुखदेवने हातातली दोरी खाली टाकली.

"पाह्यलं ना मिस्त्री? आता तरी नवं बसवा."

नवं इंजिन शेजारीच होतं. गोणपाटात गुंडाळलेलं, पाच घोड्यांच्या ताकदीचं. जुनं दोन घोड्यांचं होतं. मी मलकापूरहून ट्रकमध्ये बसून आलो होतो तो ते नवं बसवायलाच. पाने, बोल्ट, नवा पट्टा, सगळं जवळ होतं. दुपारच्या जेवणाआधी उरकेल इतकंच काम. तरी मी उकिडवा बसून जुन्याच इंजिनाकडे बघत होतो, आणि सुखदेवला त्याचाच राग येत होता.

मी तेव्हा मलकापूरला एका मशिनरीच्या दुकानात मेकॅनिक होतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचे गोकुळशेठ इंजिनं, पंप, कॉम्प्रेसर विकायचे आणि ते बसवायला, दुरुस्त करायला मला जिल्हाभर पाठवायचे. सुखदेवचं दुकान दुसरबीडला, मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. टायरमध्ये हवा भरणं आणि पंक्चर काढणं हा धंदा. वीज गावात आली होती, पण या टोकाला अजून पोचली नव्हती. म्हणून पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर. जालन्याच्या एका ठेकेदाराकडून त्याने जुना घेतला होता.

कॉम्प्रेसर म्हणजे फार मोठं काही नाही. इंजिन पट्ट्याने एक पंप फिरवतं. पंप बाहेरची हवा ओढून लोखंडी टाकीत कोंबतो. टाकीतून रबरी पाइपाने ती टायरमध्ये जाते. सायकलच्या हातपंपाचा थोरला भाऊ समजा. फक्त हातपंप मारताना दम लागला की माणूस थांबतो. इंजिनाला थांब म्हणून सांगावं लागतं.

निघताना शेठनी बजावलं होतं, "प्रल्हाद, गिऱ्हाईक मोठं इंजिन मांगते. जुनं काढ, नवं बसव, चालू करून दे अन् ये. तिथं डोकं चालवत बसू नको. तुले सवय आहे."

सवय होती हे खरं. मशीन का बिघडलं ते कळल्याशिवाय पाना लावायचा नाही, हा माझा हट्ट. त्यापायी शेठचं आणि माझं महिन्यातून एकदा तरी वाजायचं.

हनीफ म्हणून आमच्या ओळखीचा ड्रायव्हर. त्यानेच मला सकाळी दुसरबीडला उतरवलं आणि तो जालन्याला पुढे गेला. संध्याकाळी परत येताना तो मला घेणार होता. तेवढा वेळ माझ्याकडे होता.

दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे आणि थंडी अडवायला तिन्ही बाजूंनी तुराट्यांचे तट्टे. कॉम्प्रेसर आत, एका कोपऱ्यात, दोन लोखंडी चाकांच्या गाड्यावर. आणि त्या टाकीला पाठ लावून एक म्हातारी बाई शेंगा फोडत बसली होती. सुखदेवची आई. सगळे तिला गिरजामाय म्हणत.

"माय, तिथं कशाला बसता?" मी विचारलं.

"पाठ शेकती की," ती म्हणाली. "मशीन चाललं का टाकी कोमट व्हती. माझी पाठ धरलेली आसती सकाळी. डागदराच्या गोळीनं उतरली न्हाई, हिच्यानं उतरती."

हवा दाबली की तापते, तिने टाकी तापते, हे बरोबरच. बाईने शोध चांगला लावला होता. टाकीच्या डोक्यावर शेंदराचा एक गोळा होता, पेरूएवढा, त्याला सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचे दोन डोळे चिकटवलेले. मी आल्या आल्या त्याला हात जोडले. आमच्याकडे मशीनवर देव असतोच. जिनिंगमध्ये बघा, पिठाच्या गिरणीत बघा. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते दुसरंच. सुखदेवने इंजिन चालू केलं तेव्हा सगळा धूर आतच कोंडला.

"हे रोज असं आतच चालवता?"

"थंडी हाये ना. उन्हाळ्यात बाहीरच असतं."

"अन् डोकं दुखत नाही कोणाचं?"

गिरजामाय म्हणाली, "माझं धरतं. सुंठ लावती मी."

मी तट्ट्याच्या दोऱ्या सोडायलाच घेतल्या. पेट्रोलच्या धुराला वास असतो, पण त्या धुरात माणूस मारणारा जो वायू असतो त्याला वास नसतो, रंगही नसतो. डोकं दुखतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बंद जागेत पेट्रोलचं इंजिन कधीच चालवायचं नाही. थंडीत नाही, पावसात नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. आम्ही दोघांनी मिळून गाडा बाहेर ओढला, लिंबाच्या झाडाखाली. चाक घसरू नये म्हणून सुखदेवने एक दगड लावला. म्हातारी शेंगांचं सूप घेऊन मागोमाग आली आणि पुन्हा टाकीला टेकून बसली.

इंजिन अजून तापलेलंच होतं. आणि हा गडी पेट्रोलचा डबा घेऊन आला, तोंडात बीडी, आणि इंजिनाच्या पेट्रोलटाकीचं झाकण फिरवायला लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"काऊन बे, सोताची चिता सोताच रचून राह्यला का?"

"मिस्त्री, गिऱ्हाईकाला बे म्हणता?"

"बीडी विझव. मंग अहो म्हणतो."

त्याने विझवली. मी त्याला अहो म्हटलं आणि सांगितलं की पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ती दिसत नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि गरम सायलेन्सर गाठते. इंजिन निवल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही. तोवर चहा प्यावा. सुखदेवने तोंड वाकडं केलं, पण चहा सांगितला.

चहा पिताना मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. गाठी लादलेले ट्रक रात्रंदिवस जात होते. लादलेल्या ट्रकच्या टायरला हवा भरपूर लागते. पण टाकी भरत आली की इंजिन दम सोडायचं. पुन्हा दोरी गुंडाळा, पुन्हा ओढा. ड्रायव्हर वैतागून पुढे सिंदखेडराजाला निघून जायचे.

"हंगाम गेला तर वर्ष गेलं आमचं," तो म्हणाला. "म्हणून म्हणतो, लई ताकदीचं इंजिन पाहिजे."

बोलणं रास्त होतं. दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच पाना काढला असता.

इंजिन निवलं. मी प्लग काढून पाहिला, कोरडा आणि भुरा, जसा हवा तसा. कार्बोरेटर उघडला, स्वच्छ. पेट्रोलमध्ये पाणी नव्हतं. मग पट्टा उतरवला आणि नुसतं इंजिन चालू केलं. झकास. एकाच सुरात, शिवणयंत्रासारखं. त्या इंजिनाला काहीएक झालेलं नव्हतं. मग टाकीतली हवा पाइपाने सोडून दिली आणि पंप हाताने फिरवून पाहिला. तोही मोकळा फिरला. म्हणजे दोघंही धडधाकट, आणि एकत्र जुंपले की इंजिन मरायचं. मग ओझं कुठून येत होतं?

टाकीवर गेज असतो. घड्याळासारखी तबकडी, आत काटा. टाकीत हवा किती दाबून भरलीय ते काटा दाखवतो आणि एका जागी तांबडी रेघ असते. तिच्या पलीकडे जायचं नाही. सुखदेवच्या गेजचा काटा टाकी रिकामी असतानाही मधोमध उभा होता.

"हा काटा कधी हलते का?"

"न्हाई. गाडा एकदा उलटला व्हता, तवापासून तिथंच हाये."

"मंग टाकी भरली हे तुमाले कसं कळते?"

"इंजिन बंद पडलं का भरली."

त्याला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

"पहिल्यापासून असंच?"

"न्हाई. पहिले टाकी भरली का इंजिन आपोआप हळू व्हायचं. मंग एका ट्रकवाल्यानं तो पंपावरचा स्क्रू पिळून देला, जास्त हवा भरती म्हणून. पंजाबकडचा व्हता, हुशार माणूस. त्याच्यानंतर टाकी वरून बोंबलायची. फुस्स करून. लई जोरात. मायचा जीव घाबरा व्हायचा."

"अन् आता?"

"आता न्हाई बोंबलत. खंडेनवमीपासून गप हाये."

"मीच गप केलं तिला," गिरजामाय मागून म्हणाली. तिच्या आवाजात चांगलाच अभिमान होता. "देव कोपला व्हता. खंडेनवमीला पूजा केली, शेंदूर लावला. तवापासून दर शनिवारी लावती. त्या दिसापासून एक शब्द न्हाई बोलली."

मी हातातला पाना खाली ठेवला. मनात एक शंका चमकली. पण नुसत्या अंदाजावर बोलायचं नाही. माझ्या पिशवीत एक चांगला गेज होता. मी टाकी रिकामी असल्याची खात्री केली, जुना गेज काढून तो बसवला, पट्टा चढवला.

"माय, जरा त्या पलीकडच्या दगडी भिंतीमागे उन्हात बसा."

"इथंच बरं हाये."

"उठा म्हणतो ना."

मी जरा चढ्या आवाजात बोललो. ती उठली, पण पुटपुटत. सुखदेवलाही मी भिंतीमागे पाठवलं. गेज दिसेल इतपत लांब, लिंबाच्या खोडाआड मी स्वतः उभा राहिलो आणि इंजिनाच्या स्विचच्या दोन वायरी लांब करून त्यांची टोकं हातात धरली; ती एकमेकांना टेकवली की इंजिन बंद. काटा चढायला लागला. तांबड्या रेघेजवळ आला. खरं तर इथे इंजिन हळू व्हायला हवं होतं. झालं नाही. काटा रेघ ओलांडून गेला. इंजिन कण्हायला लागलं. काटा अजून चढतच होता. मी टोकं टेकवली आणि इंजिन बंद केलं.

मग बराच वेळ मी जागेवरून हललो नाही. टाकी तशीच फुगून उभी होती, आवाज न करता. शेवटी वाकून पुढे गेलो आणि टाकीच्या खालचा कॉक अगदी हळूहळू उघडला. हवेबरोबर गंजाचं लाल पाणी भसाभसा बाहेर आलं. हवेतला दमटपणा टाकीत साचतो आणि तिला आतून खातो, म्हणून हा कॉक रोज संध्याकाळी उघडायचा असतो. सुखदेवला तो कॉक आहे हेच माहीत नव्हतं. काटा पार खाली येईपर्यंत मी कशालाही पाना लावला नाही. भरलेल्या टाकीचा एक नटही सैल करायचा नसतो.

आता समजून घ्या. हवा जास्त झाली तर वाचवायला मशीनमध्ये दोन चौकीदार असतात. पहिला पंपावरचा छोटा व्हॉल्व्ह. टाकी भरली की तो पंपाला मोकळं सोडतो आणि इंजिनाला हळू करतो. तो त्या हुशार ट्रकवाल्याने पिळून टाकला होता. दुसरा सेफ्टी व्हॉल्व्ह. पहिला झोपला तर हा स्प्रिंग दाबून उघडतो आणि जादा हवा बाहेर फेकतो. तेच ते बोंबलणं. आणि हा दुसरा चौकीदार मला कुठेच दिसत नव्हता. मी टाकीभोवती फिरलो. खाली पाहिलं, बाजूला पाहिलं. मग वर पाहिलं. चंदेरी कागदाचे दोन डोळे माझ्याकडे बघत होते. ज्याला मी सकाळी हात जोडले होते, त्याच्या पोटात सेफ्टी व्हॉल्व्ह होता.

"शेंदूर कशात कालवता, माय?"

"जवसाच्या तेलात. करडीचं वाळत न्हाई लवकर."

मी कपाळाला हात लावला. पाण्याच्या पाइपाचे जोड गळू नयेत म्हणून आम्ही फिटर लोक काय करतो, तर आट्यांवर सूत गुंडाळतो आणि शेंदूर जवसाच्या तेलात कालवून वर लावतो. वाळला की दगड. त्यातून थेंब गळत नाही. म्हातारीने व्हॉल्व्हच्या भोकांवर दर शनिवारी तोच लेप चढवला होता. एखाद्या कसलेल्या फिटरने ते तोंड बंद करायचं ठरवलं असतं, तरी याहून पक्कं झालं नसतं.

म्हणजे दोन्ही चौकीदार गेले होते. टाकी फुटायची ती वाचली होती कशाने? तर इंजिन दुबळं होतं म्हणून. त्याच्यात याहून जास्त हवा कोंबायची ताकदच नव्हती, म्हणून ते मरत होतं. आणि त्याच्या जागी पाच घोड्यांचं इंजिन बसवायला मी आलो होतो. ते मेलं नसतं. ते कोंबतच राहिलं असतं.

मी सुखदेवला बाजूला घेऊन हे सांगितलं. त्याने आईकडे पाहिलं, मग टाकीकडे पाहिलं.

"फुटली म्हणजे काय व्हतं?"

"मी एक फुटलेली टाकी पाह्यली आहे. आजूबाजूले माणूस नव्हतं म्हणून निभावलं. पत्रा पार शेतात जाऊन पडला होता. तुझी माय तिले पाठ लावून बसते रोज."

त्याने टाकीकडे पाठ फिरवली. मग म्हणाला, "काढा मिस्त्री. पण मायला तुमीच सांगा. अन् आज शनवार हाये."

आता आली का पंचाईत. मी मशीनशी कितीही वेळ बोलू शकतो, माणसाशी बोलताना माझा तोल जातो. मी हातात छन्नी घेऊनच म्हातारीसमोर गेलो, हीच पहिली चूक.

"माय, हा शेंदूर काढावा लागते."

तिने छन्नीकडे पाहिलं. "तुमी कोन काढणार?"

"मी मिस्त्री आहो."

"मिस्त्री आसाल मशीनचे. देवाचे न्हाई."

"टाकी फुटून मरायचं आहे का?"

"मरायचं तवा मरीन," ती म्हणाली, अगदी शांतपणे. "मारुतीवर छन्नी चालवून जगायचं न्हाई मला."

सुखदेव मधे पडायला लागला, तिने त्याला हातानेच थांबवलं. मला राग आला होता, पण खोटं कशाला सांगू, तिचा मानही वाटला. मी छन्नी पिशवीत टाकली आणि तिच्यासमोर मातीत बसलो. सांगितलं सगळं, सुखदेवला सांगितलं तसंच. टाकी बोंबलायची ती कोपून नाही. पोट तट्ट भरलं की ती श्वास सोडायची. शेंदराने तिचं नाक बुजलं.

ती शेंगा फोडायची थांबली.

"मंग इतके दिवस फुटली कशी न्हाई? देवानंच राखली ना?"

"इंजिनानं राखली," मी म्हणालो. "दुबळं होतं म्हणून. आता तुमच्या पोरानं दांडगं इंजिन मागवलं आहे. ते नाही राखणार."

ती गोणपाटाकडे बघत राहिली. मग मलाच विचारलं, "तुमच्या गावच्या मारुतीनं कधी खोळ टाकली का?"

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सांगतो. शेंदराचे थरावर थर बसून मूर्तीवर जाड कवच होतं. कधीतरी ते आपोआप सुटून पडतं आणि आतली मूळ मूर्ती दिसते. देवाने खोळ टाकली म्हणतात. वाजतगाजत ती खोळ नदीत सोडतात.

"मी सासरी आले त्या साली इथल्या मारुतीनं टाकली व्हती," गिरजामाय म्हणाली. "आत लहानसा व्हता. केवढा देखणा. मोठा केला व्हता आमीच, लेप लावू लावू." तिने पदराला हात पुसले आणि उठली. "यालाबी टाकायची आसंल. तुमी हात नगा लावू. मी काढती."

तिने चुलीवर करडीचं तेल तापवलं. कापूस भिजवून त्या गोळ्याभोवती गुंडाळला. आधी ते दोन चंदेरी डोळे अलगद काढून पदराच्या गाठीत बांधले. मग लाकडाची खुंटी घेऊन कडेकडेने थर सैल करत बसली. तोंडाने काहीतरी म्हणत होती. उन्हं कलायला लागली. मधे दोन ट्रक थांबले आणि हवा नाही म्हटल्यावर शिव्या देत गेले. सुखदेव त्यांच्याकडे बघत राहिला, पण आईला घाई कर म्हणाला नाही. शेवटी एक मोठा पापुद्रा तिच्या हातात आला. खाली पितळ चमकलं.

"पाहा," ती म्हणाली. "लहानसाच हाये."

पुढचं माझं काम. व्हॉल्व्ह टाकीवरून काढला, सुटा केला, भोकांत बसलेला लेप घासलेटमध्ये भिजवून तारेने कोरून काढला. स्प्रिंग गंजली होती ती बदलली आणि माझा चांगला गेज टाकीवर तसाच राहू दिला. टाकी हातोडीने ठोकत सगळीकडून ऐकली. आवाज सगळीकडे सारखा आला, कुठे बद्द नाही. ट्रकवाल्याने पिळलेला स्क्रू परत जागेवर आणला. मग सगळ्यांना पुन्हा भिंतीमागे पाठवलं, तो पहिला व्हॉल्व्ह तात्पुरता अडकवून ठेवला आणि इंजिन चालू केलं. काटा रेघेशी आला आणि व्हॉल्व्ह सणसणीत बोंबलला. लिंबावरचे कावळे उडाले. गिरजामाय दचकली. मग मान हलवून म्हणाली, "वरडू दे. वरडतो म्हंजी जागा हाये."

मी पहिला व्हॉल्व्ह सोडला. टाकी भरली तेव्हा इंजिन आपोआप हळू झालं आणि फुटफुट करत उभं राहिलं. मेलं नाही. सुखदेव दोरी हातात धरून तसाच उभा होता. ओढायची गरजच पडली नाही.

मी त्याला दोन गोष्टी बजावल्या. टाकीने फार सोसलंय, तिची पाण्याने तपासणी होईपर्यंत फक्त सायकली आणि बैलगाड्यांचे टायर. ट्रक नाही. त्याचा चेहरा पडला, पण हो म्हणाला. दुसरं, सेफ्टी व्हॉल्व्हला वर एक कडी असते. थोडी हवा भरली की ती ओढून रोज फुस्स करून घ्यायचं, म्हणजे व्हॉल्व्ह चिकटत नाही.

"कोनती कडी?" म्हातारीने विचारलं. मी दाखवली. तोंड बाजूला धरून कसं ओढायचं तेही दाखवलं. तिने दोनदा ओढून पाहिली.

"हे मी करीन. सकाळी पूजा झाली का."

"अन् पूजा कुठं करान?"

तिने चाकाखालच्या दगडाकडे बोट दाखवलं. तिथेच तिने थोडा शेंदूर लावला आणि पदराची गाठ सोडून ते दोन डोळे त्यावर चिकटवले. खोळ फडक्यात बांधून सुखदेव नदीवर सोडायला गेला. तेवढ्यात हनीफचा ट्रक आला.

"ये क्या, इंजन वापस?" त्याने विचारलं.

"उचल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गोकुळशेठनी गोणपाट बघितलं आणि गादीवरून उठले.

"बसवलं काऊन नाही?"

"बसवलं असतं तर टाकी फुटली असती, शेठ."

"गिऱ्हाईक मांगते ते द्यायचं असते."

"गिऱ्हाईक जिवंत राह्यलं तर अजून मांगन."

"माणूस पाठवला इंजिन विकाले," शेठ मुनीमजींना म्हणाले, "अन् हा आला घड्याळ अन् स्प्रिंग विकून." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुखदेव टाकी घेऊन मलकापूरला आला, तेव्हा स्वतः येऊन शेजारी उभे राहिले. टाकीची तपासणी पाण्याने करतात. तिच्यात गच्च पाणी भरून वर दाब देतात. पाणी असताना टाकी फाटली तरी उडत नाही, नुसती गळते. ही गळली नाही. शेठनी टाकीवर थाप मारली आणि सुखदेवला चहा पाजला. मला नाही विचारलं, पण कप तीन आले होते.

त्या दिवसापासून मशीन बिघडलं म्हणून कोणी बोलवायला आलं की ते आवाज कधीपासून करतं हे मी पहिल्यांदा विचारत नाही. आवाज करायचं कधी थांबलं ते विचारतो. लोकांना वाटतं मिस्त्रीचं डोकं फिरलं.

पुढच्या हिवाळ्यात हनीफबरोबर जालन्याकडे चाललो होतो. सकाळची वेळ, थंडी कडाक्याची. दुसरबीडला थांबलो. एक लादलेला ट्रक हवा भरून घेत होता. कॉम्प्रेसर लिंबाखाली उघड्यावर होता, पितळी व्हॉल्व्ह घासून लख्ख केलेला, आणि गिरजामाय टाकीला पाठ लावून शेंगा फोडत होती.

माझं डोकं पुन्हा तापलं. "माय, इतकं सांगून तुमी पुन्हा तिथंच बसता?"

तिने वर पाहिलंही नाही. "आज कडी वढलीय मी," ती म्हणाली. "तुमी केलेलं काम हाये ना? का भरोसा न्हाई?"

हनीफ हसायला लागला. सुखदेवने चहा आणला. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मीही तिच्या शेजारी टाकीला पाठ टेकून बसलो आणि चहा प्यालो. टाकी छान कोमट होती.